उतरंडीतला जुडगा

१

बायनाबाईला मारून मारणाऱ्याच्या पदरात काय पडलं, ते आधी मांडून घेऊ. मिठाचं एक मडकं, तेही फुटलेलं. आणि किल्ल्यांचा एक जुडगा.

मडकं सोडून द्या. जुडग्याचं मोल मात्र भारी होतं. उंबरदऱ्यातली एकसष्ट घरं दिवाळीनंतर दाराला कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली, कोणी सांगलीकडे, कोणी पार कर्नाटकात. आणि त्या एकसष्ट कुलपांच्या किल्ल्या या एका म्हातारीकडे. गरिबाच्या घरात चोराला काय मिळणार, असं विचारणाऱ्यानं गरिबाचं घर आतून पाहिलेलं नसतं. पत्र्याच्या पेटीत लेकीसाठी केलेली पोत असते, सासूच्या पाटल्या असतात, जमिनीचे कागद असतात. दार फोडायचं तर आवाज होतो, कुत्री उठतात. किल्लीनं उघडलं तर जणू घरधन्यानंच उघडलं. आणि घरधनी तर पाडव्याशिवाय परतत नाहीत. म्हणजे एका म्हातारीच्या बदल्यात एकसष्ट घरं, वर दोन महिन्यांची सवड.

करणाऱ्याला सौदा स्वस्त वाटला असणार.

उंबरदऱ्याची पोलीस पाटील शिवकन्या बायनाबाईच्या दारात उभी राहून मनाशी हेच मांडत होती. चाळिशीची बाई. गावात कोण कोणाकडे किती वेळा चहाला गेलं, हे कुठंही न लिहिता लक्षात ठेवायची तिला खोड. बायनाबाईकडे ती स्वतः किती वेळा येऊन बसली होती, तो आकडा मात्र आज तिनं आठवायचा टाळला.

माघातली दुपार होती, गुरुवार. बायनाबाई कुशीवर पडलेली, डोकं जात्याच्या पाळीपाशी. बाज मधल्या खोलीतच, भिंतीला लागून. गोधडीवर अंगाचा खळगा अजून तसाच. बाजेपासून दहा हातांवर उतरंड. उतरंडीची वरची दोन मडकी खाली उतरवून भिंतीशी नीट लावून ठेवलेली, एकाचं तोंडही कलंडलेलं नाही. तिसरं, मिठाचं, फुटून खडेमीठ जात्यापर्यंत पसरलेलं. चौथं जागच्या जागी होतं. ते रिकामं होतं.

म्हातारी सापडली ती सिदूला. पाय मोडून प्लॅस्टरमध्ये असल्यामुळं सिदू यंदा तोडीला गेला नव्हता. दोनच्या सुमाराला कुबडी टेकत तो चहा मागायला आला, आणि ओरडायच्या आधी त्यानं मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून टोळ्यांच्या ग्रुपवर. शिरूरहून पंडित जमादार येऊन पोचेपर्यंत कर्नाटकातल्या फडात बाया कोयते टाकून रडत बसल्या होत्या.

"ताई," जमादार कपाळ पुसत म्हणाला, "फक्त मारनाऱ्यालाच ठावं असंल, अशी येक तरी गोष्ट झाकून ठिवायला पायजे व्हती. मडकं कोन्तं फुटलं, बाज कुठं, जातं कुठं, समद्या जिल्ह्याला दिसलं. आता मी कुनाला काय इचारू?"

झाकलेलं उघडं कधी पडलं, ते शिवकन्येला जमादारापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते आज दुपारी पडलं नव्हतं. ते आषाढातच पडलं होतं, आणि त्यावर तिची सही होती.

२

बसथांब्याच्या भिंतीवर सरपंच मोहनरावांनी एक फलक लावला होता. काळ्या ठिपक्यांचा चौकोन, खाली अक्षरं: 'उघडं गाव. सगळ्यांसाठी सगळी माहिती.' मोबाईल त्या चौकोनापुढं धरला की गावची यादी समोर येई. घर कोणाचं, टोळी कुठल्या कारखान्यावर, परत कधी, मागं कोण राहिलं, त्याला आजार कोणता, किल्ली कुठं. ना कुलूप, ना खूण, ना नाव विचारणं. शिरूरला बसून वाचा की अमेरिकेत बसून.

यादी केली ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या परमेश्वरनं. पोरगा तलवाड्याचा, उंबरदऱ्यात नवा, कामाला वाघ. यादीमागं कारणही खोटं नव्हतं. दोन वर्षांमागं गावात एक म्हातारा वारला. त्याचा पोरगा कुठल्या कारखान्यावर आहे हे कळायलाच तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी पोरानं राखेचं दर्शन घेतलं. यंदा यादी झाली, तर पौषात वर्षाराणी फडावरच बाळंतपणात अडली. तिथल्या डॉक्टरला तिची आधीची फाईल हवी होती, फाईल इथं कुलपात. तिथल्या नर्सनं यादी उघडली, गावच्या आशा सेविका गीताबाईला फोन लावला. गीताबाईनं बायनाबाईकडून किल्ली घेतली, फाईलचे फोटो पाठवले. दहा मिनिटांत काम झालं. वर्षाराणी वाचली, लेक वाचली. त्या दिवशी मोहनरावांनी फलकाला हार घातला होता आणि त्यात कोणालाही हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

जमादारानं आता तोच चौकोन मोबाईलमध्ये धरला आणि चावडीवर बसून मोठ्यानं वाचलं.

"घर नंबर बासष्ट. बायनाबाई. वय शहात्तर. येकटी ऱ्हाते. कानानं ठार भैरी. येकसष्ट घरांच्या किल्ल्या यांच्याकडं. आनीबानीत उतरंडीत पाहावं." त्यानं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. "ताई, ह्ये चोराला धाडलेलं आवतन हाय."

"हो."

"संशयित म्हनून कुनाचं नाव घालू? ज्याच्या हातात मोबाईल हाय त्या परत्येकाचं?"

चोरी झाली की पोलीस विचारतात, आतली बातमी कोणाला होती. इथं आतली बातमी अशी उरलीच नव्हती. जगाला असलेली बातमी म्हणजे कोणालाच नसलेली. तिच्यावरून कोणाचा माग काढणार?

पण जमादार वाचत असताना एका शब्दापाशी शिवकन्येचं लक्ष अडकलं होतं. तिनं त्याला तेवढी ओळ पुन्हा वाचायला सांगितली. त्यानं वाचली. मग ती सावकाश म्हणाली, "जमादार, बायनाबाई बहिरी नव्हती."

३

बायनाबाईचा बहिरेपणा हे उंबरदऱ्याचं जुनं हसं होतं. निवडणुकीतला उमेदवार आला, वसुलीवाला आला, नको असलेली सोयरीक घेऊन कोणी आलं, की म्हातारी कानामागं हात धरायची आणि शेळीबद्दल काहीतरी बोलायला लागायची. किल्ल्यांबद्दल परक्यानं चौकशी केली तर हमखास. बाकी तिचे कान असे की तिसऱ्या घरात भाकरी करपली तर हिला ऐकू यायची, असं बाया म्हणत. सारं गाव हे जाणत होतं आणि चाळीस वर्षांत एकानंही परक्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. ते कुलूपच होतं गावाचं, लोखंडाचं नसलेलं.

परमेश्वर आषाढात माहिती घ्यायला आला तेव्हा तो परकाच होता. त्यानं किल्ल्या कुठं ठेवता म्हणून विचारलं. म्हातारीनं हात कानामागं नेला. त्यानं ओरडून विचारलं, तिनं शेळीचं वय सांगितलं. अर्ध्या तासानं, पोराचा घसा बसल्यावर, तिनं उतरंडीकडं बोट दाखवलं. त्यानं प्रामाणिकपणे दोन्ही लिहून घेतलं.

छापलेली यादी सहीला आली तेव्हा शिवकन्येनं 'ठार बहिरी' वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. सही केली. ज्यांनी ज्यांनी यादी वाचली ते सगळे असेच हसले आणि गप्प बसले. परक्याला खोटं सांगायची गावाची रीतच होती. कागदानं तेच सांगितलं, बिघडलं कुठं? परका आता दारात येऊन विचारत नाही, लांब बसून वाचतो, आणि त्यानं कधी वाचलं हे आपल्याला कळतही नाही, एवढाच फरक कोणाच्या ध्यानात आला नाही.

"आता बघा," शिवकन्या जमादाराला म्हणाली. "दिवसाढवळ्या माणूस आत येतो. म्हातारी बाजेवर आडवी, तो दहा हातांवर मडकी उतरवतो. घाईनं न्हाई, भिंतीला लावून, सावकाश. तिला ऐकू येतं हे ठाऊक असलेला माणूस असं करील?"

"न्हाई."

"मग गावातला न्हाई. गावातल्याला ठाऊक हाय. ती बहिरी फक्त येकाच ठिकाणी व्हती, त्या यादीत. ज्यानं तिला यादीत बघितलं, त्यानं मारलं."

जमादारानं मिशीवरून बोट फिरवलं. "बरं. पन सिदूचं काय? फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडात दिसभर बसनारा तोच, म्हातारी घावली त्यालाच, फोटो काढनाराबी तोच. वरच्या सायबांना तुमचा कान-बिन पटनार न्हाई. वैद्यकीय अहवाल आठ दिसांत येईल. पुढच्या शुक्रवारी मी सिदूला घेऊन जानार."

म्हणजे हातात आठ दिवस होते. आणि एक बोलभांड, मोडक्या पायाचा माणूस.

४

सिदूला तिनं फाट्यावरच गाठलं. पाय बाकावर पसरून तो रडवेल्या तोंडानं बसला होता.

"ताई, कावून मारीन मी तिला? फुकाचा च्या कोन देनार मला मंग?" तो म्हणाला. "आन् भैरी? हितं बसून हळूच शिवी घातली तर तिकडून दोन यायच्या."

गुरुवारी रस्त्यानं कोण आलं, हे त्यानं बोटांवर सांगितलं. गाव डोंगराच्या कुशीत, येणारा-जाणारा रस्ता एकच. दहाला परमेश्वर मोटारसायकलवर. साडेअकराला धर्मराजची धान्याची जीप; एक संस्था मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना दर गुरुवारी शिधा पाठवी, त्याची. दुपारी गीताबाई चालत. चौथं कोणी नाही.

"जीप किती वेळ व्हती?"

"पोती साळंपुढं उतरवायला अर्धा घंटा. मंग आनखी अर्धा घंटा हुबी. पानी प्यायला गेलतो म्हनला. साडेबाराला गेला."

शिवकन्येनं हे मनात टिपलं. परमेश्वरची पाळी मात्र आधी लावली, कारण गाव त्याच्या नावानं बोटं मोडत होतं, आणि ते तिला जरा जास्तच सोयीचं वाटत होतं.

परमेश्वर बंद कॉम्प्युटरपुढं बसला होता. दोन दिवस जेवला नसावा. बायनाबाई बहिरी होती का, असं तिनं विचारलं तर म्हणाला, नोंदीप्रमाणे होत्या. नोंद राहू दे, तुझ्यापुरतं सांग, असं म्हणाल्यावर खाली बघत राहिला. तिनं त्याचा मोबाईल मागून घेतला. दर सोमवारी संध्याकाळी एकाच नंबरला वीस-वीस मिनिटं. नंबर बायनाबाईच्या पोराचा.

"बहिरी बाई वीस मिनिटं फोनवर काय करत व्हती रे?"

परमेश्वरचा बांध फुटला. मार्गशीर्षापासून म्हातारी दर सोमवारी येऊन त्याच्याच फोनवरून लेकाशी बोलत होती. पहिल्याच सोमवारी त्याला कळलं. नोंद खोडतो म्हणाला, तर तिनं हात धरला.

"म्हनल्या, ऱ्हाऊ दे लेकरा, भैऱ्यापुढं मानसं खरं बोलत्यात. मी ऱ्हाऊ दिलं." तो तळव्यानं डोळे पुसत राहिला. "ताई, ज्याला मदत करायचीय त्याला दिसावं म्हनून मी समदं मांडलं. किल्ली कुठं, आजार काय, मागं कोन. वाईट मानूसबी तेच वाचील, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मी चांगल्याच मानसांची गिनती केली."

शिवकन्येला त्याला रागवायचं होतं. पण सही तिची होती, आणि हसली होती तीच. तिनं मोबाईल परत दिला. परमेश्वरला म्हातारीचे कान ठाऊक होते, तो सुटला. हे मात्र तिनं त्याला सांगितलं नाही. आता कोणालाच काही न सांगण्याची तिला पहिल्यांदाच किंमत कळत होती.

गीताबाई भेटली ती बायनाबाईच्या शेळीला पाला टाकताना. वर्षाराणीची किल्ली घेतली त्या दिवसाबद्दल शिवकन्येनं विचारलं.

"मला बाहिरच हुबं केलं की तिनं," गीताबाई म्हणाली. "आत येऊ दिलं न्हाई. मी म्हनलं, मावशे, बाई अडलीय, बिगीबिगी दे. तर आली किल्ली घेऊन. चिंधीला ज्वारीचा भुसा चिकटलेला, मी झटकून घेतली."

शिवकन्या थबकली. "ज्वारीचा?"

"हां. कावून?"

उतरंडीत होतं मीठ, मिरच्या, डाळ. ज्वारी उतरंडीत कोण ठेवतं?

५

त्या घरात ज्वारी होती ती मागच्या खोलीतल्या कणगीत. बांबूची, शेणानं लिंपलेली, छातीइतकी उंच. शिवकन्येनं दार आतून लावलं, पदर खोचला आणि खांद्यापर्यंत हात धान्यात घातला. तळाशी फडक्याचं गाठोडं लागलं.

उंबरदऱ्यातल्या बायका तोडीला निघताना अंगावरच्या लुगड्याची किनार फाडून घराच्या किल्लीला बांधतात. नाव नाही, नंबर नाही. त्या चिंधीवरून म्हातारी घर ओळखायची. गाठोड्यात एकसष्ट किल्ल्या होत्या, एकसष्ट रंगांच्या चिंध्या. वर्षाराणीची हिरवी. शेजारच्या वत्सलाबाईची जांभळी. सगळ्या जागच्या जागी.

मग चोरानं नेलं काय? शिवकन्येला उतरंडीतला जुडगा आठवला. लहानपणी ती त्याच्याशी खेळलेली होती. मोडक्या कुलपांच्या, गंजलेल्या किल्ल्या. म्हातारी फेकत नव्हती, आपल्याच जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या लावून ठेवायची. जगातलं एकही कुलूप त्यानं उघडत नव्हतं. परक्याला बोट दाखवायला ठेवलेला तो जुडगा, आणि परक्यानं तोच नेला.

ती तिथंच कणगीला टेकून बसली, आणि तेव्हा मात्र रडली.

रडून झाल्यावर नवा पेच. तिकडं फडावर माणसं घाबरी झाली होती. किल्ल्या चोराकडं, घरं उघडी पडली, परत येऊ का, असे फोनावर फोन. किल्ल्या सुखरूप आहेत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण एकाला सांगितलं की ग्रुपवर जाणार, ग्रुपवर गेलं की चोराला कळणार, आणि चोर जुडगा विहिरीत टाकून मोकळा होणार. तिनं गाठोडं परत ज्वारीत पुरलं आणि सगळ्यांना एकच सांगत राहिली: तपास चालू हाय. चार बिऱ्हाडं हंगाम अर्धा टाकून माघारी आली, किल्लीवाचून शाळेच्या पडवीत राहिली. त्यांतली वत्सलाबाई दारात उभी राहून तिला नाही नाही ते बोलली. शिवकन्येनं ऐकून घेतलं. आठ दिवस.

गुरुवारी साडेअकराला धर्मराजची जीप शाळेपुढं लागली.

६

धर्मराज गोड बोलणारा गडी. पोती उतरवताना म्हाताऱ्यांची विचारपूस करी, कोणाला खोकल्याची गोळी आणून देई. पंडित जमादार लिंबाखाली पेपर वाचत बसला होता. सिदूला तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं; कुबडी मांडीवर घेऊन तोही बाकावर होता. शिवकन्येनं धर्मराजला चहा दिला आणि गेल्या गुरुवारचं सहज विचारलं.

तो चुकचुकला. आपण शाळेपुढनं हलत नाही, म्हातारीला कधी पाहिलंही नाही, घरही ठाऊक नाही, असं सांगितलं. फोटोवरून कळलं तेवढंच. "वाईट झालं बगा. भैरी बिचारी. कोन आलं, कोन गेलं, कळलंबी नसंल तिला."

लिंबाखाली पेपर हलला नाही.

"बहिरी व्हती हे तुमाला कोण बोललं?" शिवकन्येनं विचारलं.

"गावच म्हनतंय की."

"गावात कोण?"

धर्मराजनं इकडंतिकडं पाहिलं. "ह्यो सिदूच म्हनला आसंल."

"मी?" सिदूला एवढ्यातही हसू आलं. "बे धर्मा, तिला भैरी म्हनलं असतं तर तिनं हितनं ऐकून माजी दुसरी तंगडी मोडली असती."

धर्मराजच्या हातातला कप अर्ध्यात थांबला.

"तिला बहिरी म्हणणारं या गावात येकबी माणूस न्हाई," शिवकन्या म्हणाली. "फोटोतबी ते दिसत न्हाई. ते फक्त यादीत हाय."

तो सावरला, हे तिनं पाहिलं. माणूस हुशार होता. कप खाली ठेवून हात पुसत म्हणाला, "बरं, यादी वाचली. समद्यांसाठीच लावलीय ना ती भिंतीला? वाचनं गुन्हा हाय का, जमादार सायेब? लाख लोकांनी वाचली आसंल."

जमादारानं पेपर घडी केला आणि शिवकन्येकडं पाहिलं. गुन्हा नव्हता. हीच तर त्या यादीची खुबी होती.

"वाचणं गुन्हा न्हाई," ती म्हणाली. "पण वाचलेल्या लाखांतले बाहेरगावचे दोघंच त्या दिवशी या रस्त्यानं आले. परमेश्वर आणि तुमी. परमेश्वरला ठाऊक व्हतं की तिला ऐकू येतं. ऱ्हाता ऱ्हायले तुमी. पानी प्यायला अर्धा घंटा गेला व्हता, धर्मराजदादा. शाळेचा नळ तर गाडीपासून चार पावलांवर हाय."

"पुरावा काय?"

"तोच मोजत व्हते आठ दिवस. किल्ल्या ज्यानं नेल्या त्यानं टाकल्या नसणार. टाकायच्या म्हंजे येकसष्ट घरं टाकायची. वापरल्याबी न्हाईत, समदी कुलपं मी रोज बघते. पाडव्यापर्यंत कोणी येत न्हाई हे त्यानं यादीतच वाचलेलं, म्हणून गडबड थंडावायची वाट बघतोय. घरात ठेवल्या तर बायको विचारंल. मग ज्याचं घरच गाडी हाय, तो कुठं ठेवील?"

ती बोलत असतानाच जमादार उठला होता. सीटखालची पान्यांची पेटी निघाली, पेटीतून तेलकट फडकं, फडक्यातून जुडगा. चिंध्या सगळ्या निळ्या, एकाच लुगड्याच्या.

शिवकन्येनं पिशवीतून दुसरं गाठोडं काढून बाकावर उघडलं. एकसष्ट रंग उन्हात पसरले. वत्सलाबाई बायांमागून पुढं आली, आपली जांभळी चिंधी पाहिली आणि तोंडावर पदर धरला.

"तुमी नेलं ते भंगार हाय," शिवकन्या म्हणाली. "त्यानं उघडंल असं कुलूप या गावात न्हाई."

धर्मराज दोन्ही ढिगांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग मटकन खाली बसला. बोलला ते कोणाला असं नाही.

"ती बोलली. मी पाठमोरा व्हतो, मिठाचं मडकं हातात. मागनं म्हनली, 'मीठ आदी खाली ठिव बाबा, फुटंल.' गपगार पडली व्हती, आन् येकदम बोलली. मडकं सुटलं, ती उठून जवळ आली, म्या ढकलली, जात्यावर पडली. भैरी हाय म्हनून लिवलं व्हतं ना. लिवलं व्हतं की." त्यानं मान वर केली. "तिला ऐकू येतं असं लिवलं असतं, तर मी आत गेलोच नसतो."

शिवकन्येनं वत्सलाबाईची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि गाठोडं पुन्हा बांधलं.

७

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. शिवकन्येच्या ओट्यावर बाया ओळीनं आल्या, आपापली किनार ओळखून किल्ली घेऊन गेल्या. संध्याकाळी ग्रामसभा भरली. फलक फोडून टाका, असं पुष्कळांचं म्हणणं. वर्षाराणी तीन महिन्यांची लेक खांद्यावर घेऊन उठली आणि एवढंच म्हणाली, की यादी नसती तर ही नसती.

शेवटी ठरलं ते असं. यादी राहील, पण तुकड्यांनी. टोळी कुठं आहे ते पंचायतीत, आजार गीताबाईच्या वहीत, किल्ल्या कोणाकडं ते फक्त बायांच्या तोंडी. हवं त्याला हवं तेवढं मिळेल. मागणाऱ्यानं समोर येऊन, नाव सांगून मागायचं. भिंतीवरचा चौकोन मोहनरावांनी स्वतः चुना लावून झाकला. हार घालताना बोलावलेला फोटोवाला या वेळी बोलावला नव्हता.

यादी बंद करण्याआधी परमेश्वरनं विचारलं, काही दुरुस्ती राहिली का? त्याला काढून टाकल्याचं पत्र त्याच्या खिशात होतं, तरी काम अर्धं सोडवत नव्हतं.

"बासष्ट नंबर," शिवकन्या म्हणाली. "लिही, ऐकू येत व्हतं."

त्यानं लिहिलं, आणि यंत्र बंद केलं.

बायनाबाईच्या घराला कधी कुलूप नव्हतंच. आता तिच्या लेकानं लावलं आणि किल्ली शिवकन्येच्या हातात दिली. तिनं आपल्या लुगड्याची किनार फाडली, किल्लीला बांधली आणि ती आपल्या कणगीत ज्वारीच्या तळाशी सोडली. मग हात झटकत, सवयीनं, सगळं एकदा मांडून पाहिलं. यादीनं दोन जीव वाचवले, एक घेतला. ज्यानं वाचली तो कोठडीत गेला, गंजक्या किल्ल्यांसाठी. ज्यानं लिहिली त्याची भाकर गेली. चार बिऱ्हाडांचा अर्धा हंगाम तिच्या गप्प राहण्यात गेला. आणि ती स्वतः हसली होती, आषाढात, सही करताना. त्या हसण्याचं सगळं मोल म्हातारीनं एकटीनं भरलं.